मलम थांबवलं की खाज पुन्हा हजर

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३४. दिवसभर गाडी चालवण्याचं काम आहे. दोन्ही जांघांत खाज सुटते म्हणून मेडिकलमधून ट्यूब आणली. लावली की दोन दिवसांत आराम, सोडली की आठवड्याभरात चट्टा पुन्हा वर येतो, तोही आधीपेक्षा मोठा. कड लाल आणि उंच, मधली कातडी मात्र साफ. असं पाच महिने चाललंय. रोज दोनदा गरम पाण्यात जंतुनाशक टाकून चोळून धुतो. आता अंडकोषांवरही आग होते आणि जांघेत पांढरट रेघा दिसायला लागल्यात. बायकोच्या कमरेवरही तसाच गोल चट्टा उठलाय. मी स्वच्छतेत कमी पडतोय का? नाव छापू नये.

उत्तर : नाही. उलट तुम्ही जरा जास्तच धुताय.

चट्ट्याचं वर्णन तुम्ही इतकं नेमकं केलंय की निम्मं निदान पत्रातच झालं. कडेने पसरणारा आणि मधे निवळणारा चट्टा म्हणजे बहुधा गजकर्ण, बुरशीचा संसर्ग. घाम, घट्ट कपडे, तासन्‌तास बसणं, सगळं तिच्या पथ्यावर पडतं. रोज दोन वेळा आंघोळ करणाऱ्यालाही ती होते.

खरी गोम ट्यूबमध्ये आहे. तुम्ही कळवलेलं नाव इथे देत नाही, पण तिच्यात तीन औषधं एकत्र आहेत : बुरशीचं, जंतूंचं आणि क्लोबेटासोल नावाचं जोरदार स्टेरॉइड. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, म्हणून दोन दिवसांत बरं वाटतं. पण त्याच वेळी तिथली प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. अवघड जागेचं दुखणं म्हणून माणसं डॉक्टरऐवजी मेडिकलवाल्याला गाठतात, तेही दुकानात दुसरं कोणी नसताना. मग घाईत जे हातात पडेल ते घेऊन निघतात. त्या पांढरट रेघाही त्या स्टेरॉइडच्याच असाव्यात. त्या फिकट होतील, पण पूर्ण जाणार नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो.

अंडकोषांची आग वेगळ्या कारणाने असावी. गजकर्ण सहसा त्या कातडीला सोडून देतं. ती कातडी फार पातळ असते. १९६७ साली हायड्रोकॉर्टिझोन नावाचं सौम्य स्टेरॉइड कातडीतून किती शोषलं जातं हे मोजलं गेलं, तेव्हा हाताच्या तुलनेत तिथे ते सुमारे ४० पट निघालं. म्हणजे हाताला न झोंबणारं जंतुनाशकही तिथे भाजून काढतं. ते आजपासून बंद. कोमट पाणी, सौम्य साबण, आणि धुतल्यावर चोळायचं नाही, टॉवेलने टिपायचं.

ती ट्यूबही थांबवा. इतके महिने वापरल्यानंतर काही दिवस लाली आणि आग वाढेल, आणि हात पुन्हा त्याच ट्यूबकडे जाईल. म्हणून ते दिवस घरी एकट्याने काढू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. ते कडेची कातडी किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. सगळेच चट्टे बुरशीचे नसतात, सोरायसिस किंवा साधं घर्षणही तसं दिसू शकतं. साध्या गजकर्णाला टर्बिनाफिन किंवा क्लोट्रिमाझोलचं स्टेरॉइड नसलेलं मलम पुरतं. तुमच्यासारख्या जुनाट दुखण्याला गोळ्याही लागतात, पण यकृताचा त्रास आणि चालू असलेली इतर औषधं सांगितल्याशिवाय त्या घेऊ नका. मलम चट्ट्यापुरतं लावू नका, कडेबाहेर दोन बोटं लावा, आणि कातडी साफ दिसू लागल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवा. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. एकदा रक्तातली साखरही तपासून घ्या.

आता बूट काढा आणि पायांची बोटं फाकवून बघा, विशेषतः करंगळीशेजारची फट. तिथली कातडी पांढरी, ओलसर, सुटत असेल तर बुरशीचं मूळ बिऱ्हाड तेच. अंडरवेअर चढवताना ती पायांवरून थेट जांघेत पोचते. तेव्हा पायांवरही उपचार करा, आधी मोजे घाला, मग अंडरवेअर, आणि पायांचा टॉवेल वेगळा ठेवा. कपडे सैल, सुती, पूर्ण वाळलेले असावेत. घामेजलेली अंडरवेअर दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवू नका.

पत्नीला सोबतच घेऊन जा. एकाने उपचार घ्यायचे आणि दुसऱ्याने खाजवत राहायचं, तर संसर्ग दोघांमध्ये फिरत राहतो. त्या गरोदर असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा, औषध बदलावं लागतं. तुमची ट्यूब मात्र त्यांना लावायला देऊ नका.

प्रश्न : मी २१ वर्षांचा, वसतिगृहात राहतो. रात्री अंथरुणात पडलो की जांघेत आणि लिंगावर भयंकर खाज येते, बारीक गाठीही आल्यात. गुप्तरोग असेल का? खोलीतला मित्रही खाजवतो, पण त्याला विचारायची लाज वाटते.

उत्तर : विचारा, कारण औषध त्यालाही लागणार आहे. रात्री वाढणारी खाज, लिंगावर गाठी आणि शेजारी खाजवणारा सोबती, ही लक्षणं खरजेची आहेत. बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावरही पुरळ असेल, बघा. ती शरीरसंबंधातूनही पसरते आणि नुसत्या एका अंथरुणातूनही, त्यामुळे तेवढ्यावरून कोणावर संशय घेऊ नका. पण गाठीऐवजी जखम असेल, किंवा असुरक्षित संबंध आला असेल, तर डॉक्टरांना न लपवता सांगा आणि तपासण्या करून घ्या.

खरजेसाठी ५ टक्के पर्मेथ्रिनचं मलम असतं. ते खाजतं तिथेच न लावता मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीही, रात्री लावायचं आणि सकाळी धुवायचं. आठवड्याने पुन्हा एकदा. खोलीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, त्या दिवशीचे कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुवायच्या. खरजेचे बारीक किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे राहते, गाठी त्याहून जास्त. तेवढ्यावरून औषध फसलं समजून रोज मलम थापत बसू नका, कातडी सोलवटते.