शून्य दिलं तरी आउटपुट चढतं

प्रश्न : सर, ७४१ हा ऑपॅम्प आयसी वापरून ब्रेडबोर्डवर इंटिग्रेटर (इनपुटची वेळेनुसार बेरीज करणारं सर्किट) लावलाय. रेझिस्टर १०० किलोओहम, कॅपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड, सप्लाय ±१२ व्होल्ट. इनपुट ग्राउंड केलं तरी आउटपुट दहा सेकंदांत १० व्होल्टवर जातं आणि तिथेच चिकटतं. दोनदा आयसी बदलला, तेच.
— डिप्लोमाचा विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : आता आणखी आयसी आणू नकोस, पैसे वाचव. तो बिघडलेला नाही, त्याचा स्वभावच तसा.

तुझेच आकडे घे. सेकंदाला १ व्होल्ट गुणिले ०.१ मायक्रोफॅरड, म्हणजे कॅपॅसिटरमधून १०० नॅनोअँपिअर वाहतोय. ७४१ चा बायस करंट, म्हणजे त्याच्या इनपुट पिनांना लागणारा बारीकसा करंट, साधारण ८०. ऑफसेट, म्हणजे दोन इनपुट पिनांमधला आयसीचा स्वतःचा व्होल्टेजचा फरक, २ मिलिव्होल्ट धरला तर १०० किलोओहममधून आणखी २०. बेरीज जुळली! पण हे झाले डेटाशीटचे आकडे, तुझ्या आयसीचे मोजूनच काढ.

पिन २ (उणे इनपुट) वरून रेझिस्टरचा पाय उपट. कॅपॅसिटरची दोन टोकं वायरने क्षणभर जोडून सोड आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लाव. आता फक्त बायस करंटच कॅपॅसिटर भरतोय. सेकंदाला ०.८ व्होल्ट आले, तर ८० नॅनोअँपिअर. आधीच्या १ मधून हे वजा कर, उरलेले ०.२ ऑफसेटचे. त्याला आरसीच्या (रेझिस्टर गुणिले कॅपॅसिटर) ०.०१ सेकंदाने गुणलं की २ मिलिव्होल्ट. ऑफसेट उलट्या दिशेचा असला तर उत्तर उणे येईल, दचकू नकोस.

न मोजता उपाय केलास तर फसशील. टीएल०७१ हा दुसरा ऑपॅम्प लावलास की बायस करंट पिकोअँपिअरवर येतो, पण ऑफसेट तिथेही ३ मिलिव्होल्टच्या आसपास. चढ मंदावतो, संपत नाही. ७४१ च ठेवून पिन ३ (अधिक इनपुट) आणि ग्राउंडमध्ये १०० किलोओहम टाकलास, तर दोन्ही पिनांचे बायस करंट एकमेकांना छेद देतात आणि बायसमधले फरकाचे २० नॅनो तेवढे उरतात; ऑफसेट मात्र तसाच राहतो.

१ किलोहर्ट्झच्या स्क्वेअर वेव्हची ट्रँगल करायची असेल, तर कॅपॅसिटरला समांतर १ मेगाओहम लाव आणि पिन ३ ला ९१ किलोओहम. आउटपुट शून्याजवळच थांबेल. १.६ हर्ट्झच्या खाली तो इंटिग्रेटर राहणार नाही, पण तुझं तिथे काय काम?

पुढे टीएल०७१ पीसीबीवर सोल्डर केलास तर बोर्ड स्पिरिटने पूस. वागळे इस्टेटमध्ये नोकरीला असताना एका जुलैत मी तीन दिवस ऑफसेट शोधत होतो. पिन २ भोवती राहिलेला सोल्डरिंगचा फ्लक्स पावसाची ओल धरून बसला होता आणि त्यातून करंट गळत होता.