“तो आमच्यावर हात तर उगारणार नाही ना?”

स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास होणं आणि खोटे संशय पक्के बसणं अशा मानसिक आजाराचं, निदान झालं की घरची माणसं आवाज खाली आणून हे विचारतातच. एखाद्या खुनाच्या बातमीत आरोपी ‘मनोरुग्ण’ निघाला, की त्या आठवड्यात तर हमखास.

एका आईंचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलगा तिशीतला. शेजारी पाळत ठेवतात असा त्याचा पक्का समज, कानात आवाज. कुणाला कधी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं, व्यसनही नव्हतं. तरी आईंनी घरातल्या सुऱ्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या. रात्री स्वतःच्या खोलीला आतून कडी.

दोघांना एकत्र बसवून मी त्याला विचारलं, “आई कडी लावते, तेव्हा काय वाटतं?”

तो बराच वेळ स्वतःची नखं बघत राहिला. मग म्हणाला, “तिलाही कळलंय, ते येणार आहेत. नाहीतर कडी कशाला लावेल?”

आईंच्या तोंडून शब्द फुटेना. ज्याच्या धास्तीनं कडी लावली, तो पलीकडे तिच्याहून जास्त घाबरून जागा होता. “अरे, मला तुझीच...” एवढं म्हणून त्या थांबल्या आणि त्याचा हात धरला. घरच्यांना सोबत घेऊनच काम करायचं, हा माझा आग्रह अशा क्षणांमुळे दरवेळी पक्का होत जातो.

धोका शून्य असतो असं मी कधीच सांगत नाही. उपचार सुरू नसणं, गोळ्या मध्येच सोडणं, दारू-गांजा, ‘मला मारायला टपलेत’ हा संशय, ‘मार त्याला’ असा हुकूम देणारे आवाज, आधी झालेली मारहाण: यांनी तो वाढतो. पण बहुतेक रुग्ण हिंसक नसतात. उलट तेच मारहाणीला आणि फसवणुकीला बळी पडतात. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या मॅकआर्थर अभ्यासात मनोरुग्णालयातून घरी परतलेल्यांची त्याच वस्तीतल्या लोकांशी तुलना केली होती. व्यसन नसलेल्या दोन्ही गटांत हिंसेच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. आणि आत्महत्येचा धोका? त्याबद्दल मात्र फार कमी जण विचारतात.

म्हणून संशयावर वाद घालू नका, ‘हो, खरंय’ही म्हणू नका. “तुला भीती वाटतेय, मी आहे” एवढं पुरतं. गोळ्या आणि झोप यांकडे लक्ष ठेवा. तो धमकी देऊ लागला, कुणाचं नाव घेऊन सूड बोलू लागला, तर त्याची वाट अडवू नका, स्वतः बाहेर पडा, मदत बोलवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना कळवा. अशा वेळी सुऱ्या जरूर कुलपात ठेवा, कडीही लावा.