जवळचं बघणाऱ्यांचा गोल्फ कोर्स

प्रश्न: नमस्कार. मी ताराबाई पार्कात राहतो, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालोय. मुलगी-जावई बोस्टनजवळ असतात म्हणून मागच्या उन्हाळ्यात तीन महिने तिकडं होतो. जावयांच्या ऑफिसातले एकजण मायोपिया हंट क्लब नावाच्या जुन्या क्लबचे मेंबर आहेत, त्यांनी आम्हाला पाहुणे म्हणून नेलं, ते दोघं खेळले आणि मी नुसता बरोबर चाललो, अठराच्या अठरा होल. खरं सांगू का, मला काही विशेष वाटलं नाही. टीव्हीवर दाखवतात तसलं काही नाही, एक डबकं सोडलं तर पाणी नाही, कडेचं गवत वाळून पिवळं पडलेलं, पहिला होल तर तीनशे यार्डसुद्धा नाही, आणि एका ठिकाणी समोर टेकाड, पलीकडं काय आहे ते दिसतच नाही. वाळूचे खड्डे मात्र असे की माणूस आत उतरला की फक्त टोपी दिसते. जावई म्हणाले, बाबा हा क्लासिक कोर्स आहे, आणि भयंकर अंडररेटेड. मी मान डोलावली. पण इथं येऊन मित्रांना सांगायचं तर नक्की काय सांगू? यात बघायचं काय असतं?
– एक वाचक, ताराबाई पार्क

उत्तर: काका, मान डोलावलीत ते बरं केलंत, जावयापुढं तेवढं चालतं. पण तुम्ही पाटबंधारेवाले, म्हणजे तो कोर्स वाचायला तुमच्याइतका लायक माणूस त्या दिवशी तिथं दुसरा कोण नव्हता बघा, कसं ते सांगतो.

आधी नावाची गंमत. मायोपिया म्हणजे लांबचं न दिसणं. क्लब काढणाऱ्यांत बोस्टनच्या मेयरची मुलं होती, सगळे भाऊ चष्मेवाले, त्यावरून चेष्टेत पडलेलं नाव तसंच राहिलं. मूळ क्लब घोड्यांचा, शिकारी कुत्री आणि पोलो वगैरे, गोल्फ 1894 साली मागून आला. म्हणजे आपल्याकडं एखाद्या तालमीनं फुटबॉल टीम काढावी तसं.

आणि या चष्मेवाल्यांच्या माळावर गोल्फची यूएस ओपन स्पर्धा चार वेळा झाली, 1898, 1901, 1905 आणि 1908. पहिल्या वेळी तर तिथं नऊच होल होते आणि स्पर्धा 72 होलची, मग काय, त्याच नऊ होलांना आठ फेऱ्या मारल्या. 1901 ला विली अँडरसन जिंकला तो चार राउंडमध्ये (राउंड म्हणजे अठरा होल, कमी फटके ज्याचे तो जिंकतो) 331 फटके मारून, म्हणजे एका राउंडला 83 च्या आसपास, अख्ख्या स्पर्धेत एकाही खेळाडूला एकदाही 80 च्या खाली येता आलं नाही. तेही एकट्यानं नाही, अ‍ॅलेक्स स्मिथचे पण 331 च, मग दोघांची परत एक राउंड झाली आणि त्यात 85 विरुद्ध 86. एका फटक्यानं. (तेव्हाचा बॉल गटापर्चाचा, म्हणजे झाडाच्या चिकाचा घट्ट गोळा, तो आजच्यासारखा उडत नव्हता हे धरायला पाहिजे, पण बॉल सगळ्यांना तोच होता की.) 1908 चा विजेता फ्रेड मॅक्लाउड, वजन 108 पौंड, म्हणजे 49 किलो. एवढ्या वजनाचं पोरगं आपल्या तालमीत आलं तर वस्ताद त्याला लंगोट द्यायच्या आधी दूध देतील. आणि तो तिथं ओपन मारून गेला, कारण त्या कोर्सवर ताकदीपेक्षा डाव लागतो.

1908 नंतर मात्र ओपन तिकडं परत फिरकली नाही. आज कोर्स साधारण साडेसहा हजार यार्डांचा, आताचे प्रो ज्यावर खेळतात ते सात हजारांच्या बरेच वर असतात, क्लब खासगी, टीव्हीवर यायचा प्रश्नच नाही. जे दिसत नाही त्याचं नाव होत नाही, एवढाच काय तो अंडररेटेडपणा. त्यात कोर्सचा काही दोष नाही.

आता मुद्द्यावर येतो. हा कोर्स ज्यानं घडवला तो हर्बर्ट लीड्स, धंद्यानं आर्किटेक्ट नव्हता, कॉलेजात असताना बेसबॉल-फुटबॉल खेळलेला, शिडाच्या बोटींच्या शर्यती करणारा गडी, आणि गोल्फही बऱ्यापैकी, 1898 च्या ओपनला स्वतः उतरला होता. त्याच्याबद्दल सांगतात की तो खिशात पांढऱ्या चकत्या घेऊन हिंडायचा, चांगला खेळाडू आला की मागं मागं जायचा आणि त्याचा चुकलेला फटका जिथं पडला तिथं एक चकती टाकायचा. नंतर त्या जागी बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. वर्षानुवर्षं हेच. म्हणजे तुम्ही बघितलेले ते टोपीपर्यंतचे खड्डे नकाशावर पेन्सिलीनं काढलेले नाहीत, खेळणाऱ्यांनी आपल्या चुकांनी स्वतःच खणून घेतलेत. आणि यातली मेख अशी की माझ्यासारख्या नवशिक्याचा फटका सरपटत कुठंतरी जातो, त्याच्यासाठी तो खड्डा नाहीच आहे, तो आहे ज्याला वाटतं आपण जरा जास्तच चांगले आहोत त्याच्यासाठी. तुमचे जावई किती वेळा उतरले होते खड्ड्यात? तेवढे ते चांगले खेळतात असं समजा (त्यांना हे वाचायला देऊ नका, नाहीतर हवेत जातील).

दुसरं, होलांची नावं आठवतात का बघा. तळं, दरी, टेकडी, धार, घोड्यांचा पॅडक, आणि शेवटच्याचं नाव होम, म्हणजे घर. आपल्याकडं शेताच्या तुकड्यांना काय म्हणतात, विहिरीचं, आंब्याखालचं, माळाचं, वढ्याकडचं. तसलंच आहे हे. जमीन जशी होती तशी ठेवून तिच्यातनं वाट काढली की नावं अशी पडतात. मशिनं नव्हती त्या काळात, मातीकाम माणसं आणि घोडे करायचे, टेकडी हलवायची कुणाची टाप नव्हती, म्हणून टेकडी जिथं आहे तिथंच ठेवून तिचा उपयोग करून घ्यायचा. तुम्हाला खटकलेला तो टेकाडामागचा आंधळा फटका हा त्यातलाच प्रकार. आजचा डिझायनर ते टेकाड दोन दिवसांत सपाट करेल आणि होल देखणा दिसेल. पण डोळ्यांनी दिसत नसताना नुसत्या अंदाजानं मारायचं आणि मग टेकाड चढून वर जाईपर्यंत काळजात धाकधूक, ती मजा त्या मातीबरोबर डंपरमधनं गेली ना मग.

आता तुमचं खातं. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचं ते बारीक कापलेलं गवत, तिथं उभं राहून एकच प्रश्न विचारायचा, पाऊस पडला तर पाणी कुठनं जाणार? जुन्या कोर्सला जमिनीखालचे पाइप फारसे नसायचे, पाणी वरूनच काढून द्यायचं, मग उतार ठेवायलाच पाहिजे, आणि शहाण्या माणसानं पाण्यासाठी ठेवलेला तोच उतार खेळासाठी पण वापरला. चौथा होल आठवा, डावीकडं वळणारा, ग्रीन असलं तिरपं की बॉल भोकाच्या वरच्या अंगाला राहिला तर पुढचा फटका नुसता शिवायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. मग ज्याला हे माहीत आहे तो आधीच विचार करतो की आपण खालच्या अंगाला राहायचं, त्यासाठी फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनकडं जाणाऱ्या मधल्या कापलेल्या पट्ट्याच्या, कुठल्या बाजूनं यायचं, आणि त्यासाठी पहिला फटका कुठं टाकायचा. सगळा होल असा उलटा, शेवटाकडनं सुरुवातीकडं वाचायचा असतो. म्हणून पुढच्या वेळी ग्रीनवर पोचलात की वळून मागं बघा, जिथनं आलो तिकडं. येताना नुसती हिरवळ वाटली होती तिच्यात कुठला खड्डा कशासाठी आहे ते मागं वळल्यावर कळतं, काही खड्डे तर ग्रीनला चिकटून आहेत असं लांबून वाटत होतं ते बरेच अलीकडं निघतात. फसवलेलं असतंय तुम्हाला.

गवत पिवळं होतं त्याबद्दल – क्लबचे पैसे संपलेले नाहीत हो. कडेचं ते फेस्क्यू जातीचं उंच गवत, उन्हाळ्यात त्याचा रंगच तसा होतो. आणि जमीन जरा कोरडी, टणक असली तरच बॉल पडल्यावर पळतो, पळाला तरच उतार कामाचे, सगळं पाणी मारून हिरवंगार मऊ करून ठेवलं की बॉल पडेल तिथं रुतून बसतो आणि एवढा विचार करून ठेवलेले चढउतार नुसते फोटोपुरते राहतात.

आणि तो नववा, डबक्यापलीकडचा, 135 यार्डांच्या आसपास. एवढं तर कुणीही मारतो की. पण ग्रीन म्हणजे लांबट चिंचोळी पट्टी, दोन्ही अंगाला बंकर, आणि बरे बरे लोक तिथं पाच-सहा फटके मोजून गप खाली मान घालून दहाव्याकडं निघतात. लांबी वाढवून होल अवघड करणं सोपं आहे, त्याला जमीन आणि पैसा लागतो फक्त. लहान ठेवून अवघड करायला डोकं लागतं, आणि मला विचाराल तर अख्ख्या कोर्सवर लीड्सची सही कुठं असेल तर इथं.

मित्रांना सांगायचं म्हणताय तर खासबाग मैदानाचं उदाहरण द्या, कोल्हापूरकराला लगेच पटेल. शाहू महाराजांनी 1912 साली बांधलेलं. खोलात हौदा, भोवती चढत गेलेली बैठक, संपलं. पण आयुष्यात किती कुस्त्या बघितल्या असतील तुम्ही तिथं, पुढच्याचं डोकं आडवं आलं म्हणून कधी भांडण झाल्याचं आठवतंय? कुणी कुठंही बसू दे, हौदा दिसतोच. तिथं बसून आपण मैदानाचं कौतुक करत नाही, कुस्ती बघतो. तुम्ही मायोपियावर चाललात आणि काही विशेष वाटलं नाही म्हणताय, पण काका, तुमच्या पत्रात खड्डे, टेकाड, पाणी, गवत सगळं आलंय, क्लबहाऊसबद्दल मात्र एक शब्द नाही. बघितलंत की सगळं.

प्रश्न: मी आर्किटेक्चरला आहे. गोल्फ कोर्स डिझाईन म्हणजे लँडस्केपिंगच ना? आणि मॅचच्या कॉमेंट्रीत 'रिडॅन' म्हणतात ते काय असतं?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर: नाही गं, लँडस्केपिंग म्हणजे बघायला छान, हे म्हणजे समोरच्याला पेचात टाकायला. रिडॅन हा मुळात किल्ल्याचा शब्द, पुढं टोक काढलेला तट. क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्टोपोलला असा एक रिडॅन होता ज्याच्यावर 1855 साली इंग्रजांनी हल्ले करून डोकं आपटून घेतलं, त्यावरून स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकच्या 15 व्या होलला हे नाव पडलं. ग्रीन तिरकं लावलेलं, समोर डाव्या अंगाला खोल बंकर, आणि ग्रीनचा उतार तुझ्याकडं नाही तर पलीकडं. सरळ भोकावर मारलास तर एकतर बंकरमध्ये नाहीतर मागं घसरून गेला. उजवीकडं अलीकडं टाकायचा आणि जमिनीलाच तो आत नेऊ द्यायचा. पन्हाळ्याला गेली असशीलच, आपल्या किल्ल्यांत दाराकडं जाणारी वाट बुरुजाला वळसा घालून जाते, समोरनं येणाऱ्याला आडवं करायचं, तोच विचार.

चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड या अमेरिकेतल्या जुन्या कोर्स-डिझायनरनं हा होल उचलून लाँग आयलंडवरच्या आपल्या नॅशनल गोल्फ लिंक्समध्ये चौथा म्हणून लावला. आणि तुला आवडेल असं एक, त्यानं मोजणीसाठी नेमलेला सेथ रेनर हा सर्व्हेयर इंजिनिअर, गोल्फ खेळणारा नव्हे, तो पुढं स्वतः अमेरिकेतले एकाहून एक कोर्स करून गेला. अ‍ॅलिस्टर मॅकेंझी, तोही नावाजलेला कोर्स-डिझायनर, मुळात तर डॉक्टर, बोअर युद्धात शत्रूनं खंदक कसे लपवले ते बघून शिकला आणि बंकर टेकडीत मिसळून टाकायला लागला. तेव्हा डिग्री कुठली आहे याची काळजी करू नको, कंटूरचे नकाशे वाचायला शीक.

प्रश्न: आमच्या पेठेत पोरांना फुटबॉलला ग्राउंड मिळंना आणि तुम्ही श्रीमंतांच्या कुंपणाआडच्या कोर्सचं कौतुक छापताय. मेंबर नसेल तर गेटसुद्धा उघडत नाहीत तिथं. आम्ही काय करायचं त्याचं?
– शिवाजी पेठेतला एक वाचक

उत्तर: रास्त आहे भावा, भांडणार नाही. मायोपिया खासगी आहे आणि ओळख नसेल तर गेटवरनंच परत. पण खेळ कुंपणात जन्माला आलेला नाही एवढं सांगतो. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स, सगळ्यांचा आजोबा, तो सार्वजनिक मालकीच्या मोकळ्या जागेवर आहे, मेंबर नसलेलाही पैसे भरून खेळू शकतो, आणि रविवारी सहसा तिथं गोल्फ बंद असतो. त्या दिवशी गावातली माणसं त्याच ग्रीनच्या कडेनं पोरंबाळं आणि कुत्री घेऊन फिरतात.