जुन्या इमारती वारसा यादीत घातल्या की त्या वाचतात का?

थोडक्यात सांगायचं तर, नुसत्या यादीने नाही. तुम्ही विचारलंय की शहरात शंभरी ओलांडलेल्या इमारती एकेक करून पाडल्या जातायत, म्हणून नगरपालिकेने वारसा यादी करावी असा अर्ज तुम्ही काही नागरिक देणार आहात. यादीत नाव लागलं की इमारत सुरक्षित झाली असं धरायचं का? यादी हवीच आणि लवकरात लवकर हवी. पण यादीतल्या इमारतीही जातात, आणि त्यातल्या पुष्कळशा पाण्याने जातात. जुन्या बांधकामांची पाहणी आणि दुरुस्ती हेच माझं काम आहे, त्यामुळे माझं सांगणं एकच: यादीसाठी जेवढा जोर लावाल तेवढाच छपरासाठी आणि मालकासाठी लावा.

आधी यादीचं बोलू. ती नसली की काय होतं हे न्यूयॉर्कच्या पेनसिल्व्हेनिया स्टेशनने दाखवून दिलं. १९१० साली सुरू झालेलं ते भव्य दगडी स्टेशन १९६३ मध्ये पाडायला घेतलं. त्याआधीच वास्तुविशारद फलक घेऊन रस्त्यावर उतरले होते, पण पाडकाम थांबवायला शहराच्या हातात कायदाच नव्हता. तो कायदा १९६५ मध्ये आला, तेव्हा स्टेशन हातचं गेलेलं होतं. लंडनच्या पश्चिमेला फायरस्टोनचा टायर कारखाना होता. १९८० च्या ऑगस्टमध्ये, त्याला संरक्षण मिळणार असं दिसू लागल्यावर, सोमवारची सुट्टी जोडून आलेल्या शनिवार-रविवारी त्याचा देखणा दर्शनी भाग पाडून टाकण्यात आला.

यातून तुमच्या अर्जासाठी एक गोष्ट निघते. यादीचा मसुदा जाहीर करणं म्हणजे ज्याला पाडायचं आहे त्याला आगाऊ वर्दी देणं. म्हणून मसुदा जाहीर झाल्यापासून अंतिम निर्णय होईपर्यंत त्या इमारतींच्या पाडकामाची परवानगी थांबली पाहिजे, असं अर्जात स्पष्ट मागा. इंग्लंडमध्ये स्थानिक नियोजन प्राधिकरण अशी नोटीस काढून एखाद्या इमारतीला सहा महिने तात्पुरतं संरक्षण देऊ शकतं, आणि तेवढ्या काळात यादीचा निर्णय लागतो. तुमच्याकडे हे कुठल्या कलमात बसतं ते नगररचना विभागात जाऊन विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

यादीत काय घ्यावं यावर लोक फार भांडतात. राजवाडा किंवा मोठं देऊळ कुणालाही दिसतं. हरवते ती साध्या घरांची ओळ, जिच्यामुळे रस्त्याला रूप असतं. एकसारख्या उंचीच्या ओळीत मध्येच एक काचेचा ठोकळा उभा राहिला की बाजूच्या चार घरांचे मालकही तोच विचार करू लागतात. म्हणून सुट्या इमारतींबरोबर एखादी अख्खी गल्लीही नोंदवायला सांगा. अमेरिकेत चार्ल्सटन शहराने १९३१ मध्येच जुन्या वस्तीचा पूर्ण भाग संरक्षित केला होता. आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियम केले तेव्हा श्रेण्या ठेवल्या: पहिल्या श्रेणीत अगदी आवश्यक असेल तरच हात लावायचा, तिसऱ्या श्रेणीत बदलांना बरीच मोकळीक. श्रेणी नसेल तर प्रत्येक मालकाला वाटतं की आपल्याला आता खिडकीचा रंगही बदलता येणार नाही, आणि मग हरकतींचा पाऊस पडतो.

मालकाला खलनायक ठरवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. जुन्या इमारतीच्या मालकीत बहुतेक वेळा अनेक वारसदार असतात, त्यातले काही परगावी, काहींचे आपसात वाद, आत जुन्या भाड्यावर राहणारे भाडेकरू. दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा हे ठरत नाही. त्यात यादीत नाव आलं की नवं बांधकाम करून मिळणारा पैसाही गेला. त्या बदल्यात काहीच दिलं नाही तर तो इमारतीला हात लावत नाही. पावसाळे जाऊ देतो. त्याच्यावर पाडल्याचा गुन्हा दाखल होत नाही, कारण त्याने काहीच केलेलं नसतं.

मोबदल्याचे मार्ग आहेत. न्यूयॉर्कचंच ग्रँड सेंट्रल स्टेशन १९६७ मध्ये संरक्षित झालं. मालक रेल्वे कंपनीला त्याच्या डोक्यावर टॉवर बांधायचा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८ मध्ये निकाल शहराच्या बाजूने लागला. डोक्यावरचा न वापरलेला बांधकामाचा हक्क कंपनीला जवळच्या इतर भूखंडांवर वापरता येत होता, हे न्यायालयाने विचारात घेतलं होतं. आपण ज्याला टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणतो तो हाच प्रकार. मात्र जिथे जमिनीला सोन्याचा भाव आहे तिथेच त्याला गिऱ्हाईक मिळतं. लहान शहरात मला कॅलिफोर्नियाची पद्धत जास्त उपयोगी वाटते. तिथे १९७२ च्या कायद्याने मालक आणि स्थानिक शासन यांच्यात किमान दहा वर्षांचा करार होतो: मालकाने इमारत नीट राखायची, त्याबदली मालमत्ता कर कमी. नगरपालिकेला असं काही करणं झेपण्यासारखं असतं.

आणखी एक, ज्याकडे वारसा समित्या लक्षच देत नाहीत. फुटलेली कौलं बदलायलाही समितीची परवानगी लागत असेल आणि ती पावसाळा उलटून गेल्यावर मिळत असेल, तर नियमच इमारत पाडतायत. त्याच मालाने, त्याच पद्धतीने केलेल्या किरकोळ दुरुस्तीला परवानगीतून सूट असावी. हे अर्जात ठळक लिहा.

आता पाण्याकडे येतो. जुन्या इमारतीत शिरलो की मी आधी नक्षीकाम बघत नाही, छपराच्या कडेला बघतो. पन्हळीत पानं साचून ती तुंबलेली असते, किंवा उभा पाइप मध्येच फुटलेला असतो. पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरतं आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं भिजत राहतात. तुळई मधोमध खणखणीत दिसते. कुजते ती भिंतीच्या आत, नजरेआड. म्हणून हातात लहान हातोडी घेऊन तुळईच्या मध्यापासून टोकाकडे ठोकत जायचं. मध्ये टणटण वाजणारं लाकूड भिंतीजवळ येता येता बद्द वाजायला लागतं. तिथे आरी टोचली की ती कुठलाही जोर न लावता आत जाते. एवढं झालं तरी अख्खी तुळई फेकायची गरज नसते. कुजलेलं टोक कापून तिथे नव्या लाकडाचा सांधा देता येतो, आणि जाणत्या सुताराला ते काम येतं. पण पन्हळ वेळेवर साफ झाली असती तर सुताराचीही गरज पडली नसती. कठड्यावर उगवलेलं वड-पिंपळाचं रोपही तसंच. बोटभर असताना ते मुळासकट निघतं. मूळ दगडांच्या सांध्यात उतरलं की भिंत उकलावी लागते.

दुसरी हानी चांगल्या हेतूने होते, आणि तिचं मला जास्त वाईट वाटतं. भिंतीला ओल दिसली की कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवतं. चुन्यात बांधलेली भिंत जमिनीतून थोडी ओल घेते आणि पृष्ठभागातून ती सोडूनही देते. सिमेंटने ती वाट बंद होते. मग ओल वर चढते, तिच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे साचतात, भिंतीला लोणा लागतो आणि विटेचा भुगा व्हायला सुरुवात होते. अशा गिलाव्यावर बोटाने टकटक केलं तर पोकळ आवाज येतो, आणि तो काढायला गेलं की विटेचा पापुद्राही त्याच्याबरोबर निघून येतो. दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरतानाही हेच लक्षात ठेवायचं: मसाला विटेपेक्षा नरम हवा. काहीतरी झिजायचंच असेल तर मसाला झिजू दे, तो पुन्हा भरता येतो. वीट परत मिळत नाही. सार्वजनिक इमारतींवर सिमेंटचा मारा अनेकदा होतो, कारण अंदाजपत्रक दरसूची बघून तयार होतं आणि चुन्याच्या कामाचे दर तिच्यात शोधावे लागतात. त्यामुळे नगरपालिकेकडे आणखी एक मागणी करा: तिच्या स्वतःच्या मालकीच्या जुन्या इमारतींच्या निविदेत चुन्याचं काम नावानिशी असावं.

‘धोकादायक’ची नोटीस लागली तर काय, असं तुम्ही शेवटी विचारलंय. आधी माणसांचा जीव. धोका खरा असेल तर इमारत रिकामी करायला विरोध करू नका. पण रिकामी करणं आणि पाडणं हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि नोटिशीत ते एका वाक्यात बांधलेले असतात. रिकामी इमारत टेकू देऊन उभी ठेवता येते, तेवढ्यात दुसरं मत घेता येतं. स्ट्रक्चरल ऑडिटची पूर्ण प्रत मागा आणि त्यात बघा की तपासणी कशाने केली. रिबाउंड हॅमर हे उपकरण काँक्रीटची ताकद अजमावण्यासाठी आहे. चुन्यातल्या दगडी किंवा विटेच्या भिंतीवर ते चालवून काढलेल्या आकड्यावर इमारतीचं भवितव्य ठरवणं चूक आहे. तुळईचं एकही टोक उघडून पाहिलं नसेल, पाया कुठेच खणून बघितला नसेल, तर तो अहवाल म्हणजे फक्त नजरेचा अंदाज. भेगांचंही तसंच. भेग आहे एवढ्यावरून काही ठरत नाही. ती वाढते आहे का हे महत्त्वाचं. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटवायची आणि शेजारी तारीख लिहायची. भिंत हलत असेल तर काच तडकते. वर्षभर काच शाबूत राहिली तर ती बहुधा कधीकाळी इमारत बसली तेव्हाची, शांत झालेली भेग. जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला अभियंता हे सगळं करतो. फक्त नव्या काँक्रीटच्या इमारती केलेल्या माणसाला यातलं काही दाखवलेलंच नसतं, त्याला तरी दोष कसा द्यायचा.

वारशाच्या जेवढ्या योजना मला माहीत आहेत, त्यात सगळ्यात शहाणी मला नेदरलँड्सची वाटते. तिथे १९७३ मध्ये ‘मॉन्युमेंटेनवाख्त’ नावाची व्यवस्था सुरू झाली. मालक वर्गणी भरून सभासद होतो. तपासनीस ठरावीक काळाने येतात, शिडी लावून छपरावर चढतात, पन्हळी बघतात, सरकलेलं कौल जागेवर बसवतात, छोटी गळती तिथल्या तिथे थांबवतात आणि कुठलं काम तातडीचं, कुठलं थांबू शकतं याचा लेखी अहवाल मालकाच्या हातात देतात. बस्स, एवढंच. तिकडे इंग्लंडात लेखक आणि कारागीर-कलावंत विल्यम मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींसाठी संस्था काढली तेव्हा त्यांचाही भर धडाक्याच्या जीर्णोद्धाराऐवजी नित्याच्या निगेवर होता. नगरपालिकेने दोन प्रशिक्षित माणसं, शिड्या आणि थोडी कौलं यांची सोय केली आणि यादीतल्या प्रत्येक इमारतीला पावसाळ्याआधी आणि नंतर भेट दिली, तर वारसा समितीच्या बैठकांपेक्षा त्याने जास्त इमारती वाचतील, असं मी अनुभवावरून ठामपणे म्हणतो.

वापराबद्दल थोडंच. लंडनचं सेंट पँक्रस स्टेशनावरचं हॉटेल १९३५ मध्ये बंद पडलं, १९६७ मध्ये ती इमारत सर्वोच्च श्रेणीत नोंदली गेली, आणि तिथे पुन्हा हॉटेल सुरू व्हायला २०११ उजाडलं. एवढं थांबणं सगळ्यांना परवडत नाही. इमारतीत रोज कुणीतरी खिडकी उघडत असेल तर गळती पहिल्याच पावसात कळते. तेव्हा अर्जात वापरही सुचवा, पण दरवेळी संग्रहालय सुचवू नका. त्याला कायमचा कर्मचारी आणि कायमचा पैसा लागतो. वाचनालय, दवाखाना, करभरणा केंद्र, भाड्याची घरं, काहीही रोजचं चालेल. आणि फक्त पुढची भिंत ठेवून मागे नवी इमारत उभारायचा प्रस्ताव आला तर त्याला वारसा जतन म्हणू देऊ नका.

अर्जासोबत प्रत्येक इमारतीचं एक पान जोडा. चारही बाजूंचे तारखेसह फोटो, छपराचा आणि जिन्याचा फोटो, जुन्या नकाशातली किंवा मालमत्तेच्या नोंदीतली इमारतीची जागा, बांधकामाचा काळ कशावरून धरला ते. ऐकीव गोष्ट असेल तर ‘ऐकीव’ असंच लिहा. एक दावा खोटा निघाला की समोरचा वकील बाकीचे सगळे दावे त्याच पारड्यात टाकतो. गळती कुठे आहे, पन्हळ कुठे तुटली आहे हेही त्याच पानावर येऊ द्या. अर्ज देण्याआधी मालकांना भेटा, करसवलतीची आणि दुरुस्तीतल्या सवलतीची मागणी त्यांना वाचून दाखवा. एक-दोन मालकांनी जरी संमतीची सही केली तरी तुमचा अर्ज वेगळ्या नजरेने वाचला जाईल. प्रत नगररचना विभागालाही द्या आणि दोन्हीकडची पोच जपून ठेवा.