उतारा समजतो, तरी गुण का जातात?

प्रश्न : मी सिन्नरजवळच्या एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवते. शिक्षक भरतीसाठी सीटीईटीचा (केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर देणार असून पहिली भाषा इंग्रजी निवडली आहे. उतारे वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते, तरीही सरावात त्यांवरच्या पंधरा प्रश्नांपैकी सहा-सात चुकतात आणि वेळही पुरत नाही. शब्दसंग्रह वाढवू की व्याकरण पक्के करू?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : आपण रोज इंग्रजी शिकवता, त्यामुळे शब्दसंग्रह हे मूळ दुखणे असेल असे मला वाटत नाही. बहुधा आपण प्रत्येक वाक्य मनातल्या मनात मराठीत आणून मग समजून घेता. वर्गात मुलांना अर्थ सांगताना ही सवय कामी येते. परीक्षेत मात्र 150 प्रश्नांना 150 मिनिटे असल्यामुळे उताऱ्यांच्या वाट्याला वाचनासकट जेमतेम पंधरा मिनिटे येतात, आणि तेवढ्यात भाषांतर होत नाही.

वेळेपेक्षाही मोठे नुकसान अर्थाचे होते. ‘द फार्मर हू सोल्ड ग्रेप्स टू द निफाड ट्रेडर वेंट होम’ हे वाक्य घ्या. मराठीत आपण ‘निफाडच्या व्यापाऱ्याला द्राक्षे विकणारा शेतकरी घरी गेला’ असे म्हणतो. इंग्रजीत मात्र कर्ता आणि क्रियापद यांच्या मधे उपवाक्य शिरते आणि घाईत वाचणाऱ्याला व्यापारीच घरी गेल्यासारखे वाटते. म्हणून लांब वाक्यात आधी कर्ता आणि मुख्य क्रियापद यांची जोडी शोधावी. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ या दोहोंना आपण मराठीत ‘थोडे’च म्हणतो, पण पहिल्यात ‘जवळजवळ कोणीच नाही’ असा नकार आहे. पर्यायांत ‘सम’चे ‘ऑल’ किंवा ‘मे’चे ‘विल’ झाले आहे का, हेही पाहावे.

अनुमानाच्या प्रश्नांत निराळा धोका असतो. उतारा कांद्याच्या बाजारावर असेल, तर लासलगावच्या परिसरातल्या माणसाला त्याविषयी उताऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असते, आणि मग प्रत्यक्षात खरे असलेले पण उताऱ्यातून न निघणारे विधान निवडले जाते. ज्या पर्यायासाठी उताऱ्यातल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवता येत नाही, तो सोडून द्यावा.

पहिल्या भाषेत दोनपैकी एक उतारा कवितेचा असतो. तिथे बोलणारा कोण, कोणाशी बोलतो आणि उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती यांची इंग्रजी नावे एवढी तयारी बहुतेक वेळा पुरते.

सरावासाठी रोज इंग्रजी वृत्तपत्रातला एक अग्रलेख घ्यावा. नाशिकला येणे होत असेल, तर 1840 पासूनचे सार्वजनिक वाचनालय त्यासाठी चांगली जागा आहे. प्रत्येक वाक्याचा नव्हे, तर परिच्छेद संपल्यावर त्याचा आशय एका मराठी ओळीत लिहावा. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवून, कोणत्या शब्दाने फसवले तेवढेच तीत नोंदवावे. सीटीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नये. पुढे शिक्षक भरतीसाठीची राज्याची अभियोग्यता चाचणी देणार असाल, तर तिथे 200 प्रश्नांना 120 मिनिटेच मिळतात. त्यामुळे मनातल्या भाषांतराची सवय आत्ताच मोडायला घ्यावी.