खाडीच्या सॅम्पलचा सीओडी लावण्याआधी क्लोराइड मोजा

प्रश्न थोडक्यात असा: ऐरोली पुलाजवळचं खाडीचं पाणी, बीओडी (जिवाणूंना सेंद्रिय घाण खायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला १४ मिग्रॅ, सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) १,०५०. सॅम्पल तसंच लावलं तेव्हा फ्लास्क हिरवा झाला (म्हणजे घाण जाळणारं डायक्रोमेट सगळं संपलं), म्हणून पाच पट डायल्यूट केलं. सर म्हणतात पुन्हा कर. लॅबमध्ये नव्याने लागलेल्या माणसाने आयसीपीचा (प्लाझ्मावर धातू मोजणाऱ्या यंत्राचा) कोर्स करावा का, हेही विचारलंय.

पुन्हा केलंत तरी साधारण तेच येईल. टायट्रेशन चुकलेलं नाही, पण तुम्ही मोजलंय ते बरंचसं मीठ आहे.

तुमचेच आकडे घ्या. ब्लँकला (सॅम्पलऐवजी नुसतं डिस्टिल्ड वॉटर) २४.९ मिली आणि सॅम्पलला १९.६५ मिली एफएएस (उरलेलं डायक्रोमेट मोजणारं फेरस अमोनियम सल्फेट), ते ०.१ नॉर्मल, घेतलेलं सॅम्पल २० मिली. फरक ५.२५ × ०.१ × ८००० ÷ २० = २१०, गुणिले ५ म्हणजे १,०५०. गणित बरोबर आहे. आता समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला १९,००० मिग्रॅच्या आसपास असतं. खाडीत त्याहून कमी, समजा १५,०००. पाच पट डायल्यूट केल्यावर ३,०००. तुम्ही फ्लास्कमध्ये घातलेलं ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट २० मिलीतलं ४० मिग्रॅ क्लोराइड, म्हणजे २,००० पर्यंतच बांधतं (वजनाने दहास एक). उरलेलं १,००० मोकाट. एक मिग्रॅ क्लोराइड ०.२२६ मिग्रॅ ऑक्सिजनइतकं डायक्रोमेट खातं, म्हणजे फ्लास्कमध्ये २२६ पर्यंत आणि पाचाने गुणल्यावर १,१३०. तुमच्या आकड्याच्या किती जवळ आलं बघा. शिवाय मोकळं क्लोराइड ॲसिडमध्ये कॅटॅलिस्ट म्हणून असलेल्या सिल्व्हरलाही पकडून पांढरा साका बसवतं, कॅटॅलिस्ट कमी पडतो आणि सरळ साखळीचे सेंद्रिय पदार्थ नीट जळत नाहीत. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी.

सरांना पटवायचं तर सॅम्पल बाजूला ठेवा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये लिटरला २४.७ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड विरघळवा, म्हणजे क्लोराइड १५,०००. तेच पाच पट डायल्यूट करून अगदी तसाच सीओडी लावा. यात सेंद्रिय काहीच नाही, तरी शेकड्यांत आकडा आला तर वादच संपला.

आता क्लोराइड मोजायचं कसं. खाडीचं १० मिली पाणी एक लिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरा, त्यातलं ५० मिली घ्या, इंडिकेटर म्हणून पोटॅशियम क्रोमेट १ मिली घाला, आणि ०.०१४१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेट करा. एक मिलीला अर्धा मिग्रॅ क्लोराइड. १५,००० असेल तर सुमारे १५ मिली लागेल, त्यात ब्लँकचे ०.२–०.३ मिली वजा करायचे. पिवळ्यात जरा लालसर झाक आली की थांबा. विटकरी रंगाची वाट पाहिली तर पुढे गेलात. नवशिक्यांची खास चूक म्हणजे सीओडीसाठी सल्फ्युरिक ॲसिड घातलेल्या बाटलीतूनच क्लोराइड करणं. पीएच दोनच्या खाली असताना एंडपॉइंट (थांबायचा रंगबदल) दिसतच नाही, ब्युरेट रिकामी होत राहते. पीएच ७ ते १० हवा, म्हणून ॲसिड न घातलेली वेगळी बाटली बर्फात ठेवा. बीओडीसुद्धा त्याच बाटलीतून.

बाटलीवर भरती होती की ओहोटी आणि वेळ लिहा. उधाणाच्या भरतीचं आणि पावसाळ्यातल्या ओहोटीचं पाणी, क्लोराइडच्या दृष्टीने ही दोन वेगळी सॅम्पलं आहेत. मागच्या महिन्याचं डायल्यूशन डोळे मिटून वापरू नका.

मग सीओडी. पारा वाढवून भागेल का? १५,००० ला प्रत्येक फ्लास्कमागे ३ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट लागेल, नको. दहा पट डायल्यूट करा, क्लोराइड १,५०० होतं आणि ०.४ ग्रॅम पुरतं. क्रम सांभाळा: सॅम्पल २० मिली, मर्क्युरिक सल्फेट, हलवा, थोडं सिल्व्हर सल्फेटचं ॲसिड घालून सगळं विरघळू द्या, थंड करा, डायक्रोमेट १० मिली, मग उरलेलं ॲसिड (एकूण ३० मिली) कंडेन्सरवरून फिरवत हळूहळू. तापताना घाई केली तर हलके पदार्थ उडून जातात. काचेचे मणी टाका आणि दोन तास रिफ्लक्स (वाफ थंड होऊन परत फ्लास्कमध्ये पडेल असं उकळणं).

पण दहाने गुणण्याची किंमत असते. ब्युरेटचा एक थेंब ०.०५ मिली, म्हणजे फ्लास्कमध्ये २ मिग्रॅ, तुमच्या रिपोर्टमध्ये २०. उत्तर ४० आलं तर ते दोन थेंब आहेत. म्हणून दोन्ही द्रावणं, डायक्रोमेट आणि एफएएस, ०.०२५ नॉर्मल घ्या. थेंब ५ मिग्रॅवर येतो, आणि मोजता येण्याची हद्द दहा पटीनंतरही १,००० पर्यंत राहते. इथे स्वच्छता कमालीची लागते. एक ब्लँक उकळून आणि एक न उकळता टायट्रेट करा. दोघांत ठळक फरक असेल तर ॲसिड, पाणी किंवा काच अस्वच्छ आहे. एफएएस हवेने उतरतं, रोज स्टँडर्डाइज करा. फेरोइन या इंडिकेटरचा रंग निळसर हिरव्यावरून तांबूस तपकिरी एका थेंबात पलटतो. काही मिनिटांनी निळा परतला तरी लक्ष देऊ नका. पद्धत तपासायला पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट लिटरला ४२५ मिग्रॅ घेतलं की सीओडी ५०० यायला हवा. हे आधीच्या ०.२५ नॉर्मल डायक्रोमेटवर तसंच लावा, ०.०२५ वर दहा पट डायल्यूट करून. पण तपासणी खरी व्हायची तर त्यात मीठ घालून लावा.

वापरलेलं द्रावण सिंकमध्ये नाही. त्यात पारा, चांदी, क्रोमियम तिन्ही आहेत. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा, लेबल लावा. तळोज्याला घातक कचऱ्याची सामायिक सोय आहे, तिथे लॅबमार्फत जाऊ द्या.

आयसीपीचा कोर्स जरूर करा, पण सध्या नको. खाडीचं पाणी तिथेही तुम्हाला सोडणार नाही: मीठ नेब्युलायझरमध्ये (सॅम्पलचा फवारा करणाऱ्या भागात) साचतं, आणि आयसीपी-एमएसवर (वस्तुमानावरून मूलद्रव्य ओळखणाऱ्या आयसीपीवर) आर्गॉन ४० आणि क्लोरीन ३५ जुळून ७५ वस्तुमानावर येतात. आर्सेनिकही नेमकं ७५. यंत्र आर्सेनिक दाखवत असताना बाटलीत क्लोराइड किती होतं, हे तिथेही पहिल्यांदा विचारावं लागतं.