10 टक्के आपले, मग बाकीचे 90 कुणाचे?

प्रश्न : ताई नमस्कार. मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत महिला राखीव जागेवरून निवडून आलेली सदस्य आहे, पहिलीच टर्म. दरवर्षी महिला बालकल्याणाचा जो 10 टक्के फंड असतो त्यातून 8 मार्चला कार्यक्रम होतो, हळदीकुंकू, वाण म्हणून स्टीलचे डबे, एखाद्या वर्षी दोन शिलाई मशीन. मी मीटिंगला म्हटलं आमच्या वाडीला एप्रिलपासून पाणी नाही त्याचं काहीतरी करा, तर म्हणाले ते महिला फंडात बसत नाही. मग महिला फंडात बसतं तरी काय? आणि मी एकटीने बोलून काही होणार आहे का?

उत्तर : होणार आहे, पण त्याआधी हिशोब समजून घ्या, कारण "बसत नाही" हे उत्तर ऐकून आपल्या कितीतरी बायका गप्प बसल्यात आणि मला त्याचा खरंच राग येतो.

तो 10 टक्के फंड कशाचा असतो? ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा. म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, बाजाराची फी असं जे गावातूनच गोळा होतं त्यातले 10 टक्के महिला व बालकल्याणाला, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आता आपल्या कोकणातल्या ग्रामपंचायती लहान, अर्धी घरं गणपती आणि शिमग्यालाच उघडणारी, वसुली तशीच. समजा वर्षाचं उत्पन्न 4 लाख झालं तर तुमचे झाले 40 हजार. त्यात नळपाणी योजना होत नाही हे खरंय. पण म्हणून त्याचे डबे वाटायचे असंही कुठे लिहिलेलं नाही. अंगणवाडीला वजनकाटा, शाळेत मुलींच्या बाथरूमला पाणी आणि कडी, गटाच्या बायकांना कोकम-काजू प्रक्रियेचं नीट प्रशिक्षण, असं काहीतरी मागा जे पुढच्या वर्षीही उपयोगी पडेल. हळदीकुंकू आपण आपल्या पैशाने करू, त्याला पंचायतीचा फंड कशाला हवा.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे. पाणी त्या 10 टक्क्यातून मागूच नका! ग्रामपंचायतीला केंद्राकडून वित्त आयोगाचे पैसे येतात आणि ते घरपट्टीपेक्षा कितीतरी मोठे असतात. 15 व्या वित्त आयोगाच्या निधीत 2021-22 ते 2025-26 या काळात 60 टक्के रक्कम बंधित ठेवली गेली, म्हणजे ती पाणी आणि स्वच्छता यावरच खर्च करायची, दुसरीकडे वळवायची नाही. उरलेली 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे. मग पुढच्या मीटिंगला असं विचारा की बंधित निधी किती आला, कुठे गेला, आमच्या वाडीच्या विहिरीचं काम त्यात का नाही. जलजीवन मिशनचं काम गावात झालं असेल तर पाणी समितीत निम्म्या बायका असायला हव्यात, त्या कोण आहेत ते पण विचारा, कारण बऱ्याचदा नाव कागदावर असतं आणि त्या बाईला आपण समितीत आहोत हे माहीतसुद्धा नसतं.

लोक काय करतात, 10 टक्के दाखवून बायकांचा विषय संपवतात आणि उरलेल्या 90 टक्क्यांतले बहुतेक रस्ता, गटार, सभामंडप यात जातात, जसं काही रस्त्यावरून बायका चालतच नाहीत. साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, वाहून गेला की डोक्यावर हंडा आणि कडेवर पोर घेऊन वहाळ ओलांडते कोण? पाखाडीवर, म्हणजे वाडीतल्या पायवाटेवर, लाईट नसला तर संध्याकाळच्या शेवटच्या एसटीने उतरणारी मुलगी घरी कशी येते? मग हे सगळे पण बायकांचेच विषय झाले ना. सरकारी भाषेत ह्याला जेंडर बजेट म्हणतात, म्हणजे बायकांसाठी वेगळा डबा ठेवायचा एवढंच नव्हे तर सगळ्या खर्चाकडे हा कुणाच्या उपयोगाला येतोय असं बघायचं.

आता एकटीचं काय. कायद्यानेच प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची वेगळी सभा घ्यायची असते, महिला सभा. तुमच्याकडे होते का ते बघा. बहुतेक ठिकाणी वहीत होते, म्हणजे अंगणवाडीत नाहीतर गटाच्या मीटिंगमध्ये सह्या घेतात आणि झाली सभा. ती खरी होऊ द्या. वेळ तुम्ही सुचवा, सकाळी अकरा वाजता काजू वेचायला गेलेली बाई येणार नाही आणि दुपारी मासळी बाजारात बसलेली पण नाही, त्यामुळे संध्याकाळी आणि शक्यतो वाडीतच. तिथे तीनच मागण्या ठरवा, जास्त नको, आणि त्यांचा ठराव वहीत लिहून घ्या, "चर्चा झाली" असं नाही तर काय काम, कुठे, कुठल्या निधीतून असं लिहून. मग तो ग्रामसभेत वाचायला लावा. उमेद या सरकारी अभियानाचे बचत गट असतील तर ग्रामसंघाकडून, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाकडून, गावाच्या मागण्यांचा आराखडा बनतो, व्हीपीआरपी म्हणतात त्याला, तो ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात जोडायचा असतो, त्यातही ह्याच तीन मागण्या घाला म्हणजे दोन बाजूंनी कागद जातो.

आराखड्याचं काम 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतं, तेव्हा गप्प राहिलात तर मे महिन्यात टँकरसाठी भांडण्यात अर्थ नाही, तोवर पैसे ठरून गेलेले असतात. ग्रामसेवक, म्हणजे आता ग्रामपंचायत अधिकारी, खर्चाचा तपशील देत नसतील तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचं नाव टाकून बघा, आराखडा आणि खर्च दोन्ही दिसतात, कॉलेजात जाणाऱ्या पुतणीला सांगा ती मोबाईलवर काढून देईल. तरी नाही मिळालं तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज. तुम्ही सदस्य आहात, विचारणं हे तुमचं कामच आहे, त्यात उद्धटपणा काही नाही.

प्रश्न : आम्ही हर्णै बाजूचे. आई लिलावात मासळी घेऊन दापोलीला विकते. एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात की बाईच्या नावावर सबसिडी जास्त आहे, तर आईच्या नावाने तीनचाकी टेम्पो काढू, धंदा मी बघतो, तुम्हाला महिन्याला थोडे पैसे देईन. करावं का?

उत्तर : नाही. एकदम नाही.

सबसिडी जास्त आहे हे बरोबर आहे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना 2020 साली आली, त्यात सर्वसाधारण गटाला युनिटच्या ठरलेल्या खर्चाच्या 40 टक्के अनुदान आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. बर्फाच्या पेटीसह दुचाकी, तीनचाकी, मासळी विक्रीचं किऑस्क असं बरंच त्यात येतं. म्हणजे 1 लाखाच्या युनिटला आईला 60 हजार आणि त्या गृहस्थांना 40, वरचे 20 हजार जे आहेत ते आईसारख्या बायकांसाठी म्हणून सरकारने ठेवलेत आणि त्यांना ते तिच्या सहीवर हवेत. उरलेल्या पैशाचं बँकेचं कर्ज कुणाच्या नावावर राहणार? आईच्या. टेम्पो कुणाच्या दारात? त्यांच्या. हप्ता थकला की नोटीस तुमच्या घरी येईल.

होडी बाप्याची, जाळं बाप्याचं, आणि पहाटे लिलावाला उभी राहून बर्फ फोडून टोपल्या उचलून पैसा घरात आणणारी बाई, तिच्या नावावर मात्र काही नाही, ही आपल्या किनाऱ्यावरची जुनी गोष्ट आहे. योजनेतली ती 20 टक्क्यांची वाढ तेवढ्यासाठीच आहे. म्हणून आईनेच घ्यावं, तीनचाकी झेपत नसेल तर पेटीवाली दुचाकी घ्या आणि भाऊ चालवू दे, किंवा चारपाच जणींनी गट करून घ्या. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्त कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, मधे एजंट नको. आणि अनुदान आधी मिळतं की खर्च केल्यावर, हे स्पष्ट विचारून घ्या, नाहीतर सुरुवातीच्या पैशासाठी सावकाराकडे जावं लागतं.

वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात, सिंधुदुर्गात यूएनडीपीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या, प्रकल्पातून त्यांना मदत मिळाली होती. तिथे काम त्यांचं आहे आणि नाव पण त्यांचंच. तुमच्या आईचं तसंच व्हावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी मूळ गुहागरचा, डोंबिवलीत असतो. राग मानू नका, पण लाडकी बहीणचे 1500 मिळतात, एसटीचं तिकीट अर्धं झालं, पंचायतीत 50 टक्के जागा आहेत. आता आणखी वेगळं बजेट कशाला?

उत्तर : राग नाही, बरं झालं विचारलंत. 1500 रुपये बाईच्या खात्यात येतात ते चांगलंच आहे, औषधाला नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. पण त्या पैशातून ती साकव बांधू शकत नाही, उपकेंद्रात नर्स आणू शकत नाही. ज्या गोष्टी सगळ्यांनी मिळून करायच्या त्या पंचायतीच्या आणि सरकारच्या बजेटमधूनच होतात, तिथे बाईचं म्हणणं हवं.

केंद्र सरकार 2005-06 पासून बजेटसोबत जेंडर बजेटचं वेगळं पत्रक काढतं. 2025-26 ला तो आकडा 4.49 लाख कोटी होता, एकूण बजेटच्या 8.86 टक्के. आकडा मोठा वाटतो, पण त्यात काय धरलंय ते बघा. प्रधानमंत्री आवास योजनेचा पैसा पूर्णपणे बायकांसाठीचा म्हणून मोजतात, कारण घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर द्यायचं असतं. आता तुमच्याच गावात जाऊन नमुना 8 चा, म्हणजे पंचायतीतल्या घराच्या नोंदीचा, उतारा काढा आणि किती घरांवर बायकोचं नाव आहे ते बघा.

अजून एक. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात 1000 पुरुषांमागे 1122 बायका होत्या आणि सिंधुदुर्गात 1036. त्याचं मोठं कारण तुमच्यासारखे मुंबईला गेलेले चाकरमानी आहेत. वर्षभर गावात शेती, गुरं, म्हातारी माणसं, पाणी सगळं बायका बघतात, आणि मे महिन्यात चाकरमानी येऊन ग्रामसभेत पुढच्या खुर्चीवर बसून ठरवतात की यंदा देवळाचा सभामंडप की रस्ता. यंदा आलात की एवढं करा, वहिनीला पुढे बसवा आणि घर दोघांच्या नावावर करायचा अर्ज त्याच दिवशी पंचायतीत देऊन या.